‘झालं’ म्हणायची घाई

“हे ‘थांबा’ आजच्या आज काढा,” साहेब म्हणाले आणि ते अक्षर नखाने खरवडून निघेल अशा जोरात त्यांनी पेनाचं टोक स्क्रीनवर टेकवलं.

स्क्रीनवर एक लहानसं चक्र फिरत होतं आणि त्याच्याखाली ‘थांबा…’ असं लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्या बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. ऑफिसात त्यांना थांबाताई म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, कारण त्यांना त्याचा राग येत नसे. उलट थोडा अभिमानच वाटे.

कंपनी छोटी आणि काम एकच. घरचा नळ बिघडला की मोबाइलवर बटण दाबायचं, प्लंबर दारात हजर. बटण, रंग, अक्षरं, म्हणजे गिऱ्हाइकाला जे जे दिसतं ते सगळं थांबाताईंकडे. दाबलेल्या बटणाचा निरोप ज्या सर्व्हरकडे जातो आणि जो कुठला प्लंबर पाठवायचा ते ठरवतो, तो सर्व्हर मागच्या खोलीतल्या काकांकडे. त्यांना मागचे काका म्हणत. आता निरोप जायला आणि उत्तर यायला वेळ लागणारच. कधी एक सेकंद, कधी वीस. नेटची जशी लहर असेल तसं. तेवढा वेळ थांबाताईंचं बटण फिकं पडून गप्प बसे, कितीही दाबा, ढिम्म हलत नसे. काकांच्या सर्व्हरचा होकार आला की ‘झालं’, नाहीतर ‘नाही झालं, पुन्हा प्रयत्न करा’. आणि निरोप निघूच शकला नाही, तर तो एका पेटीत जपून ठेवायचा आणि वाट मोकळी झाली की पुन्हा पाठवायचा, ही सोयही त्यांचीच. या पेटीवर त्यांचा फार जीव होता.

“लोकांना थांबायला आवडत नाही, ताई,” साहेब म्हणाले. “त्या दुसऱ्या कंपनीचं अ‍ॅप बघा. दाबलं की लगेच हिरवी खूण. ‘झालं!’ गिऱ्हाईक खूश.”

“झालेलं नसताना झालं कसं सांगू, साहेब?”

“अहो, पुढे होतंच की!”

“आणि नाही झालं तर?”

“तर तेव्हा बघू.”

“म्हणजे दूध आणायला माणूस पाठवला, की तो जिना उतरायच्या आत आपण इकडे कपात चहा ओतायचा?”

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे,” असं म्हणून साहेब केबिनमध्ये निघून गेले.

‘झालं’ या शब्दाशी थांबाताईंचं वैर ऑफिसातलं नव्हे, घरचं होतं. नवरा स्वभावाने गोड, पण कुठलंही काम सांगितलं की ते त्याच्या मनात लगेच होऊन जायचं. “गॅलरीतला दिवा बदललास?” असं विचारलं की तो पेपरातून डोकं न काढता म्हणे, “झालंच समज.” “झालं, की समजायचं?” “समज ना.” तो दिवा चार महिने नुसत्या समजुतीवर जळत होता. घरात हे चालवून घ्यावं लागतं. पण स्वतःच्या हातच्या बटणाने परक्या माणसाशी असं वागावं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

साहेब बारा वर्षांपूर्वी स्वतः कोड लिहीत आणि ही आठवण त्यांना अधूनमधून उसळून येई. सोमवारी जेवणानंतर ती उसळली. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं, काकांना तीन वाजेपर्यंत सर्व्हर बंद ठेवायला सांगितलं आणि स्वतःच्या हाताने ‘थांबा’ काढून टाकलं. ‘थांबा’बरोबर बटण फिकं करणारं कलमही गेलं आणि पेटी उघडून अडकलेले निरोप पाठवणारा भागही गेला. पेटी तेवढी राहिली. तिच्यात निरोप पडत राहणार होते, पण तिचं झाकण उघडायला कोणी उरलं नव्हतं. शिवाय ऑफिसचं स्वतःचं एक पान होतं, रजा मागायची, नवी खुर्ची मागायची, राजीनामा द्यायचा. तेही याच बटणांवर चालत होतं. तिथेही जिकडेतिकडे ‘झालं!’ झालं.

थांबाताईंनी स्वतःच्या कोडाची ती अवस्था पाहिली आणि त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. अकरा वर्षं. एकेक बटण त्यांनी आपल्या हातांनी घडवलं होतं. त्या तडक केबिनच्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, ऑफिसचं पान उघडलं आणि राजीनाम्याच्या चौकोनात लिहिलं:

“साहेब, अकरा वर्षं मी या स्क्रीनवर खोटं लिहिलं नाही. पुढेही लिहिणार नाही. तुम्ही ‘झालं’ म्हणता तेव्हा काहीही झालेलं नसतं, हे आता ऑफिसातल्या खुर्च्यांनाही कळतं. माझा राजीनामा घ्या.”

वाजले होते दोन पन्नास. मागच्या खोलीत काका बंद सर्व्हरशेजारी पाय पसरून चहा पीत होते. थांबाताईंनी बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. ‘झालं!’ त्यांनी मोठा श्वास सोडला, पर्स उचलली आणि घरी निघून आल्या.

“मी राजीनामा दिला,” त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

“दिला, की दिलाच समजू?”

“दिला,” त्या म्हणाल्या. नवऱ्याने पेपर खाली ठेवला. एवढं गंभीर त्यांचं घर बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. थांबाताईंना वाईट वाटत होतं. त्यांना ती कंपनी आवडत होती, ते काम आवडत होतं, मागच्या काकांच्या रटाळ गोष्टीसुद्धा आवडत होत्या. पण माघार घ्यायची म्हणजे त्या हिरव्या खुणेपुढे मान तुकवायची, आणि ते त्यांच्या रक्तात नव्हतं.

मंगळवारी त्या रिकामी पिशवी घेऊन ऑफिसात आल्या. चहाचा मग न्यायचा होता, निवडुंगाची कुंडी न्यायची होती आणि साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून निघायचं होतं. साहेब दारातच भेटले.

“या ताई! बघा, कालपासून एकही तक्रार नाही.”

“तक्रारीचं बटणसुद्धा ‘झालं!’च म्हणत असेल.”

साहेब हसले. “तुमचं आणखी काही म्हणणं?”

“माझं म्हणणं मी काल लिहून पाठवलंय.”

“हो का? बघतो, बघतो,” म्हणून साहेब निघून गेले.

थांबाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. बघतो? अकरा वर्षं इथे राबलेली बाई तोंडावर राजीनामा फेकते आणि हा माणूस ‘बघतो’ म्हणतो? किती निगरगट्ट असावं माणसाने! अशा माणसाला सुखासुखी जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि पिशवी खाली ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

अकरा वाजता साहेबांचा मोबाइल वाजला. ते तेव्हा हॉलच्या मधोमध उभे राहून सगळ्यांना नवी हिरवी खूण कौतुकाने दाखवत होते, त्यामुळे फोन त्यांनी स्पीकरवरच घेतला. ही त्यांची दुसरी चूक.

“अहो, तुमचे प्लंबर आवरा!” साहेबांच्या बायकोचा आवाज हॉलभर घुमला.

“आला ना प्लंबर? बघ, दाबलं आणि लगेच…”

“एक नाही, सहा आलेत. सातवा जिन्यात आहे.”

“सात? तू दाबलंस किती वेळा?”

“स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून दाबलं. ‘झालं!’ म्हणालं. वाट पाहिली, कोणी येईना. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘झालं!’ मग दाबू नको तर काय बटणाकडे बघत बसू?”

“मग निदान नळ तरी दुरुस्त झाला असेल.”

“कसला होतोय! पहिल्याने नळ खोलला तेवढ्यात दुसरा आला. पहिला म्हणतो, दुसरा बोलावलात म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. दुसरा म्हणतो, परक्याने खोललेल्या नळाला मी हात लावत नाही. तिसऱ्या-चौथ्याला त्याचं म्हणणं पटलंय. पाचवा पाना मागतोय, सहावा देत नाहीये. आणि पाणी बाहेरच्या खोलीत आलंय!”

“अगं, मग रद्द कर ना!”

“केलं की! चार वेळा केलं. चारही वेळा ‘झालं!’ म्हणालं आणि त्यानंतर आणखी दोघं आले.”

साहेबांनी मान वळवली. मागचे काका खोलीच्या दारात येऊन उभे होते आणि चेहरा शक्य तितका दुःखी ठेवायचा प्रयत्न करत होते.

“साहेब, वहिनींच्या स्वयंपाकघरात नेट रांगतंय,” काका म्हणाले. “रद्दचा निरोप आधी पोचला. सर्व्हरने पाहिलं, तर रद्द करायला बोलावणंच नाही. त्याने दिला सोडून. मग मागून बोलावणं पोचलं. त्याने पाठवला प्लंबर.”

“पण बोलावणं आधी पाठवलं होतं ना? मग नंतर कसं पोचलं?”

“आधी निघालेलं आधीच पोचतं असं थोडंच असतं? ताईंचं ‘थांबा’ होतं, तेव्हा पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा निरोप दाराबाहेर पाऊलच टाकत नव्हता.”

साहेबांनी घाईघाईने आपल्याच मोबाइलवर घरचं खातं उघडलं आणि ‘रद्द करा’ दाबलं. हिरवी खूण उमटली. ‘झालं!’ सगळा हॉल श्वास रोखून फोनकडे पाहू लागला.

“आठवा आला,” फोन म्हणाला.

थांबाताईंना आता राहवेना. राजीनामा वेगळा आणि बुडतं घर वेगळं. त्या उठल्या आणि फोनजवळ जाऊन म्हणाल्या, “वहिनी, मुख्य कॉक बंद केलाय का कोणी?”

पलीकडे थोडा वेळ नुसती कलकल झाली. “सगळे म्हणतायत, झालं.”

“सगळ्यांचं राहू दे. तुम्ही स्वतः जाऊन बघा.”

पावलांचा आवाज गेला, पाण्यातून चालल्यासारखा. मग पावलं परत आली. “उघडाच होता हो! आत्ता मी बंद केला. आठ जणांत एकानेही हात लावला नव्हता!”

“प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने केला असेल. आता पहिल्याला ठेवा आणि बाकीच्यांना माझं नाव सांगून परत पाठवा,” थांबाताई म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या.

“ताई, काहीतरी करा,” साहेब म्हणाले. आवाज निम्मा झाला होता. “अजून किती घरांत असं चाललं असेल!”

“करते. पण ‘थांबा’ परत येणार.”

“येऊ दे.”

“बटण एकदा दाबलं की उत्तर येईपर्यंत फिकं.”

“फिकं तर फिकं.”

“सर्व्हर म्हणेल तेव्हाच ‘झालं’. तुम्ही म्हणाल तेव्हा नाही. आणि माझ्या कोडाला मला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तुम्ही धरून.”

“बरं.”

“‘बरं’ नको. लिहून द्या.”

एरवी थांबाताई इतक्या बोलल्या नसत्या. पण ज्या माणसाने राजीनामा दिलाय त्याला कोणाची भीती? साहेबांनी कागद मागवला, उभ्याउभ्याच चार ओळी खरडल्या आणि खाली सही केली. सही करताना त्यांच्या पायाशी थांबाताईंची रिकामी पिशवी पडलेली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मग थांबाताई कामाला बसल्या त्या चार वाजेपर्यंत उठल्या नाहीत. ‘थांबा’ परत आलं, बटण फिकं पडायला शिकलं, पेटीचं झाकण उघडणारा भाग जागेवर बसला. कालपासून गिऱ्हाइकांच्या पेट्यांत अडकलेले निरोप एकदम सुटले, तर घरोघर प्लंबर नाचतील, हेही त्यांच्या लक्षात आलं. म्हणून प्लंबरच्या पानापुरते शिळे निरोप टाकून द्यायची व्यवस्था त्यांनी आठवणीने केली. ऑफिसच्या पानावर कोण काय बोलावणार होतं? तिथे ती व्यवस्था त्यांनी केली नाही.

मधे साहेब येऊन म्हणाले, “ताई, तुम्ही नसता तर आज काही खरं नव्हतं.” थांबाताईंनी वर न बघता “हं” केलं, पण मनात म्हटलं, अस्सं. म्हणजे राजीनामा नामंजूर, ते हे असं आडून सांगताहेत. सरळ बोलायची सवयच नाही या माणसाला. तरी त्यांना बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. त्यांनी पिशवी घडी करून खणात टाकली आणि निवडुंगाला पाणी घातलं.

चार वाजून पाच मिनिटांनी नवी आवृत्ती सगळीकडे गेली. थांबाताईंनी खात्री करायला म्हणून ऑफिसचं पान उघडलं. चक्र फिरायला लागलं. ‘थांबा…’ किती दिवसांनी घरचं माणूस भेटावं तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मनात आलं, पण हे कशासाठी थांबतंय? आपण तर काहीच दाबलेलं नाही.

चक्र थांबलं. ‘झालं. तुमचा राजीनामा साहेबांकडे पोचला.’ खाली बारीक अक्षरात वेळ होती. लिहिला: सोमवार, दोन पन्नास. पोचला: मंगळवार, चार सहा.

थांबाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. काल सर्व्हर बंद होता. राजीनामा गेलाच नव्हता. तो कालपासून त्यांच्याच मशीनमध्ये, त्यांच्याच लाडक्या पेटीत पडून होता आणि झाकण आत्ता त्यांनीच उघडलं होतं. आणि त्या हिरव्या खुणेवर ज्या एका बाईने कधीच विश्वास ठेवायला नको होता, तिनेच ठेवला होता. त्या धावत मागच्या खोलीत गेल्या.

“काका, माझा एक निरोप अडवा!”

काकांनी चष्मा वर करून पाहिलं. “पोचला, ताई. उघडलासुद्धा. वाटेत असता तर अडवला असता.”

केबिनमधून हाक आली. थांबाताई आत गेल्या. साहेब स्क्रीनकडे बघत बसले होते. टेबलावर त्यांनी सकाळी सही केलेल्या कागदाची प्रत होती.

“हे तुम्ही आत्ता लिहिलंत?” साहेबांनी विचारलं. “माझ्याकडून लेखी घेऊन झाल्यावर?”

“नाही. काल लिहिलं.”

“मग आज कसं आलं?”

“तुमच्या ‘झालं!’मुळे.”

साहेबांनी स्क्रीनवरची वेळ पुन्हा वाचली. “म्हणजे सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर जे बोललात, ते नोकरी सोडली असं समजून?”

“हो.”

“म्हणून बोललात?”

“नोकरीत असते तरी बोलले असते,” थांबाताई म्हणाल्या. “जरा हळू बोलले असते, एवढंच.”

“आणि हे खुर्च्यांचं? ‘ऑफिसातल्या खुर्च्यांनाही कळतं’?”

एक ‘चुकले’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, हे थांबाताईंना दिसत होतं. त्यांना राहायचं होतं. कालच्यापेक्षा आज जास्त राहायचं होतं. पण जीभ वळेना.

“राजीनामा मागे घ्यायला मी तयार आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “वाक्य एकही मागे घेणार नाही. खुर्च्यांचंसुद्धा नाही.”

साहेबांनी एकवार स्वतःच्या खुर्चीच्या हातांकडे पाहिलं. मग ते स्क्रीनकडे वळले. राजीनाम्याखाली शेजारी शेजारी दोन बटणं होती, ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’. साहेबांचं बोट पुढे गेलं. त्यांचा तळहात मोठा. कुठलं बटण दाबलं ते थांबाताईंना पलीकडून दिसलं नाही. दोन्ही बटणं फिकी पडली आणि चक्र फिरायला लागलं. ‘थांबा…’

सवयीने साहेबांनी पुन्हा दाबलं. बटण ढिम्म.

“दाबलं जात नाहीये.”

“एकदाच दाबायचं असतं.”

“आता?”

“आता उत्तर येईपर्यंत थांबायचं.”

दोघं थांबली. नेटची लहर आज फारशी चांगली नसावी. चक्र फिरत होतं, फिरत होतं. पाच सेकंद झाले, आठ झाले. इतका वेळ लागतो याला? थांबाताईंना आठवेना. त्यांनी पदराशी चाळा केला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा चक्र पाहिलं. अकरा वर्षं हे चक्र त्यांनी दुसऱ्यांना दाखवलं होतं. त्याच्यासमोर जीव मुठीत धरून त्या स्वतः कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

“साहेब,” शेवटी त्यांच्याने राहवेना, “कुठलं दाबलंत ते तोंडाने सांगून टाका ना.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा अगदी निवांत दिसत होता. त्यांनी बेल वाजवून बाहेर दोन चहा सांगितले आणि मग म्हणाले:

“झालेलं नसताना कसं सांगू, ताई?”

थांबाताईंनी समोरची खुर्ची ओढली, त्या बसल्या आणि चहा येण्याची वाट बघू लागल्या. तो दोघांसाठी सांगितला होता.